अंतरज्येष्ठिकाची कारकीर्द : कुस्ती, आख्यान आणि चरित्राचा प्रश्न

मराठीत मल्लाला उद्देशून वापरल्या जाणाऱ्या शब्दांची वानवा नाही. मल्ल, जेठी, पैलवान, कुस्तीगीर, पट्ठा, वस्ताद, खलिफा या प्रत्येक शब्दामागे आश्रयदात्यांचा, भाषासंपर्काचा आणि सामाजिक प्रतिष्ठेचा काही एक इतिहास आहे. असे असूनही या शब्दसंपत्तीत एक जागा रिकामी राहिलेली दिसते. इंग्रजीत ज्याला ‘जर्नीमन’ म्हणतात त्या मल्लाला मराठीत नाव नाही. ‘जर्नीमन’ या शब्दाचा प्रवासाशी संबंध नाही. एका दिवसाचे काम आणि त्या दिवसाची मजुरी या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून तो आलेला आहे. उमेदवारी संपलेली, हातात कसब आलेले, पण स्वतःचे दुकान नसलेला, दुसऱ्याच्या दुकानात रोजावर काम करणारा कारागीर असा त्याचा मूळ अर्थ. पुढे मुष्टियुद्ध व कुस्ती यांच्या व्यवसायात, ज्याच्या कौशल्याविषयी शंका नाही, जो वर्षानुवर्षे लढतो, परंतु ज्याच्या वाट्याला अजिंक्यपद येत नाही आणि ज्याच्यावर मात करून इतर जण अजिंक्यपदाकडे सरकतात, अशा खेळाडूला हा शब्द चिकटला.

कारागिरांच्या व्यवस्थेत शागीर्द, कारागीर आणि उस्ताद अशा तीन पायऱ्या आपल्याला परिचित आहेत. तालमीने त्यांतील पहिली आणि तिसरी पायरी स्वीकारली : पट्ठा आणि वस्ताद. (‘वस्ताद’ हे ‘उस्ताद’चेच देशी रूप होय.) मधली पायरी मात्र निनावी राहिली. पट्ठेपण संपल्यावर आणि वस्तादपण येण्यापूर्वी जी दहा-पंधरा वर्षे मल्ल प्रत्यक्ष कुस्ती करतो, म्हणजे ज्याला आपण त्याची कारकीर्द म्हणू, तिच्यासाठी भाषेने स्वतंत्र शब्द घडवला नाही. या वर्षांत त्याने ‘केसरी’पद मिळवले तर तो केसरी होतो, मिळवले नाही तर तो फक्त ‘पैलवान’ राहतो, आणि हा शब्द तर गावात पहिल्यांदा लंगोट लावणाऱ्या पोरालाही मिळतो.

ही जागा नेहमीच रिकामी होती असे नाही. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मल्लविनोदाचे जे वर्णन येते त्यात मल्लांची प्रतवारी केलेली आहे. ज्येष्ठिक हा श्रेष्ठ, त्याच्या खालोखाल अंतरज्येष्ठिक, आणि त्याहून खालचा गोवल. होतकरू तरुणासाठी भविष्णु अशी वेगळी संज्ञा आहे. ‘जेठी’ हा मराठी शब्द ज्येष्ठाच्याच कुळातला. अंतरज्येष्ठिकाचा वंशज मात्र मराठीत उतरला नाही. राजाच्या करमणुकीची व्यवस्था लावणाऱ्या ग्रंथाला मधल्या मल्लाची गरज होती, कारण जोड लावायची तर दोन्ही बाजूंची प्रत ठाऊक असावी लागते आणि दोघांच्याही खुराकाची तरतूद खजिन्यातून करावी लागते. पोशिंद्याच्या हिशेबवहीत ज्याला जागा असते त्याला नाव मिळते. पुढच्या काळातील चरित्रकाराच्या वहीत ती जागा उरली नाही. प्रस्तुत निबंधात या निनावी मल्लासाठी ‘अंतरज्येष्ठिक’ हीच जुनी संज्ञा वापरली आहे. ती अवजड आहे हे खरे. पण ‘दुय्यम’ किंवा ‘सामान्य’ हे शब्द निवाडा आधीच देऊन मोकळे होतात, म्हणून ती अधिक सोयीची.

प्रश्न केवळ संज्ञेचा असता तर तो कोशकारांकडे सोपवता आला असता. नाव नसलेल्या माणसाची कारकीर्द कोणत्या वाङ्मयप्रकारात सांगता येते, हा खरा प्रश्न आहे. मराठीत मल्लांची चरित्रे आहेत, गौरवग्रंथ आहेत, वृत्तपत्री लेखमाला आहेत, द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली बडोद्याहून निघालेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’सारखे प्रचंड कार्य आहे. यांतील चरित्रपर लेखन विजयाच्या वाक्याभोवती रचलेले असते. अमुकाने तमुकाला अमुक मिनिटांत अमुक डावावर चीतपट केले, हे त्याचे मूलवाक्य. या वाक्यातील कर्त्याचे चरित्र लिहिले जाते, कर्माचे नाही. १९५९ साली श्रीपती खंचनाळे यांनी बंतासिंग यांना हरवून पहिला ‘हिंदकेसरी’ किताब मिळवला, हे वाक्य कुस्तीप्रेमी मराठी माणसाला तोंडपाठ असते. बंतासिंग हे पंजाबातील नामांकित मल्ल होते, अंतरज्येष्ठिक मुळीच नव्हते. तरीही मराठी आख्यानात त्यांची सारी हयात द्वितीया विभक्तीच्या एका रूपात मावली आहे. नामांकिताची ही गत, तर ज्याला नामांकन नाही त्याच्याविषयी काय बोलावे! डावांची सचित्र पुस्तके चाळताना हीच गोष्ट दृश्य रूपात समोर येते. प्रत्येक आकृतीत दोन देह असतात; एक डाव टाकतो, दुसऱ्यावर तो टाकला जातो. समजावणीचा मजकूर पहिल्याविषयी असतो. दुसऱ्याने आपला देह किती कौशल्याने त्या जागी ठेवला आहे, याविषयी एक अक्षरही नसते.

अंतरज्येष्ठिकाची कारकीर्द ज्या संहितेत खरोखर नोंदली जाते ती चरित्राच्या दालनात सापडत नाही. ती भिंतीवर असते. जत्रेच्या हंगामात खडकी बाजारापासून कराड-सांगलीपर्यंत ज्या पत्रकांनी भिंती भरून जातात, त्या कुस्ती-मैदानाच्या पत्रकाचे संहिता म्हणून वाचन करण्यासारखे आहे. शिरोभागी दैवताचे नाव व यात्रेचे निमित्त. त्याखाली निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान असल्याची घोषणा. मग प्रथम क्रमांकाची कुस्ती, दोन्ही मल्लांची छायाचित्रे, त्यांचे किताब, तालमीची नावे, आणि मध्ये ‘विरुद्ध’ हा शब्द. इनामाची रक्कम व ती देणाऱ्याचे नाव हे मल्लांच्या नावांइतक्याच ठळक टाइपात. द्वितीय, तृतीय असे क्रमांक उतरत जातात तसा टाइपही बारीक होत जातो, छायाचित्रे गळतात, पुढे इनामाचे आकडेही गळतात. तळाशी, याशिवाय लहानमोठ्या चटकदार कुस्त्या नेमल्या जातील, अशा आशयाची ओळ असते. त्या ओळीत किती माणसे आहेत हे पत्रक सांगत नाही.

अशी पंधरा-वीस वर्षांची पत्रके ओळीने मांडली तर एका मल्लाची कारकीर्द त्यांतून वर चढताना आणि खाली उतरताना दिसेल. रेवड्यांवर किंवा नारळावर धरलेल्या पोरवयातील कुस्तीत त्याचे नाव नाही. मग तो तळाच्या निनावी ओळीत येतो. पुढे कधीतरी पाचव्या-सहाव्या क्रमांकावर गावाच्या नावासह उमटतो. एखाद्या हंगामात, दुसरा कोणी जायबंदी झाल्यामुळे, थेट दुसऱ्या क्रमांकावर छायाचित्रासह झळकतो. त्यानंतर एकेक पायरी उतरत पुन्हा तळाच्या ओळीत विरघळतो. काही वर्षांच्या खंडानंतर त्याचे नाव पुन्हा दिसले तर ते बहुधा कंसात, दुसऱ्या कोणा तरुणाच्या नावापुढे, ‘यांचा पट्ठा’ या षष्ठी प्रयोगात असते. कर्मापासून संबंधापर्यंतचा हा व्याकरणिक प्रवास आहे. कर्तृपद त्यात अधूनमधून येते, पण टिकत नाही.

या पत्रकाच्या शेजारी रोलां बार्थ यांचा कुस्तीवरील निबंध ठेवून पाहिला की काही गोष्टी स्पष्ट होतात. १९५२ साली ‘एस्प्री’त प्रथम प्रसिद्ध झालेला आणि १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’ या संग्रहाच्या आरंभी आलेला हा निबंध आपल्याकडील चिन्हमीमांसेच्या अभ्यासक्रमांत इतका रुळला आहे की त्याच्या विषयाकडे कोणी पाहत नाही. पद्धतीचा नमुना म्हणूनच तो शिकवला जातो. फ्रान्समधील दुय्यम सभागृहांत चालणारी ‘कॅच’ ही बतावणीची कुस्ती हा त्याचा विषय. बार्थ यांचे म्हणणे असे की हा खेळ नव्हे, हे प्रेक्षणीय आहे; निकाल आधी ठरलेला आहे काय, हा प्रश्न प्रेक्षकाला पडतच नाही. मुष्टियुद्धात प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर एक कथा रचली जाते आणि तिच्या शेवटावर पैज लावता येते. कॅचमध्ये प्रत्येक क्षण स्वतःपुरता वाचनीय असतो, काळाच्या ओघातून अर्थ निष्पन्न होण्याची वाट पाहावी लागत नाही. यातना, पराभव आणि न्याय हीच तेथील चिन्हे. हरणारा मल्ल आपला पराभव लपवत नाही. तो पराभव धरून ठेवतो, दाखवतो.

पराभूताला अर्थनिर्मितीचा कर्ता मानणारे हे विवेचन अंतरज्येष्ठिकाच्या बाजूचे वाटावे असे आहे. त्याची मर्यादा मात्र त्याच्या कालकल्पनेत आहे. बार्थ यांचा काळ एका लढतीपुरता आहे. त्यांनी वर्णिलेला तोव्हँ हा पन्नाशीचा, स्थूल, ढिल्या मांसाचा मल्ल रिंगणात पाऊल टाकताच आपल्या देहाने नीचत्वाचे चिन्ह होऊन उभा राहतो. हे वाचन बिनतोड आहे. पण तो देह पन्नास वर्षांचा कसा झाला, त्याआधी किती सभागृहांत तो आपटला गेला, तेव्हाही तो खलनायकच होता की कधी काळी नायक होता, या प्रश्नांना त्या वाचनात जागा नाही. देह चिन्ह झाला की त्याचे वय अर्थात विरघळते. प्रत्येक क्षण वाचनीय ठरवणाऱ्या पद्धतीला वीस वर्षे वाचता येत नाहीत. चिन्हमीमांसेच्या आपल्याकडील अनुकरणातही हा दोष शिरला आहे. तमाशाच्या फडाचे, कीर्तनाचे, राजकीय सभेचे एका रात्रीपुरते वाचन आपण उत्तम करतो. तोच फड तीस वर्षे चालवणाऱ्याचे काय, हे विचारायला विसरतो.

बार्थ यांच्या निबंधातील कुस्ती पुण्याला अगदीच अपरिचित नाही. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग यांच्या ‘फ्री स्टाइल’ लढतींना होणारी गर्दी जुन्या पिढीच्या आठवणीत आहे. १९६८ साली लू थेझ यांच्यावरील त्यांचा विजय मुंबईतलाच. अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. खडकीहून औंधमार्गे काही किलोमीटरांवर बालेवाडीचे क्रीडासंकुल लागते. २०११ च्या अखेरीस तेथे ‘रिंग का किंग’ या दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण झाले आणि २०१२ च्या जानेवारी ते एप्रिल या काळात ती कलर्स वाहिनीवरून दाखवली गेली. अमेरिकेतील एका कंपनीने भारतीय प्रेक्षकांसाठी रचलेली ही बतावणीची कुस्ती होती. तिच्यात आलेल्या परदेशी मल्लांपैकी बरेच जण मोठ्या कंपन्यांतून बाहेर पडलेले किंवा त्यांच्या उंबरठ्यावर अडकलेले होते. काहींना येथे नवी नावे मिळाली, काही जुन्याच नावांनी उभे राहिले. पहिले अजिंक्यपद मॅट मॉर्गन यांना देण्यात आले. येथे ‘देण्यात आले’ हाच प्रयोग योग्य, कारण या व्यवसायात पद जिंकले जात नाही, सोपवले जाते.

त्या ताफ्यात ‘सोंजय दत्त’ या नावाने लढणारा एक मल्ल होता. भारतीय वंशाचा, पण वॉशिंग्टनच्या परिसरात १९८२ साली जन्मलेला. नाव हिंदी चित्रपटातील नटाच्या नावावरून घेतलेले. अंतरज्येष्ठिकाच्या व्यावसायिक कारकिर्दीचा इतका शुद्ध नमुना विरळा. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्याने पदार्पण केले. २००३ पासून टीएनए या कंपनीच्या हलक्या, चपळ मल्लांच्या विभागात तो दिसू लागला. त्याच्या हवेतील उड्यांचे कौतुक झाले, वारंवार त्याला त्या विभागाच्या अजिंक्यपदाच्या लढतीत उभे करण्यात आले, आणि तो वारंवार हरला. मध्यंतरी त्याला हिमालयातून आलेल्या गुरूचे पात्र देण्यात आले. अमेरिकी प्रेक्षकाच्या पूर्वग्रहातून घडवलेला हा साधू नाचत, मंत्रासारखे काही पुटपुटत रिंगणात यायचा. कंपनीने सोडले, पुन्हा बोलावले. दरम्यान अनेक लहान संस्थांच्या सभागृहांत तो लढत राहिला. बालेवाडीला तो आला तेव्हा ज्या देशाची नक्कल त्याच्या पात्रात होती त्या देशाच्या प्रेक्षकासमोर तो उभा होता. परदेशी मल्लांच्या ताफ्यात भारतीय नावाचा, आणि भारतीय प्रेक्षकांत परदेशी हेल काढून बोलणारा.

त्यानंतर २०१७ च्या मे महिन्यात त्याच कंपनीने मुंबईत आपले कार्यक्रम चित्रित केले. तेथे लो-की या मल्लाला हरवून सोंजय दत्तला त्या विभागाचे अजिंक्यपद मिळाले. पहिल्या प्रयत्नानंतर दशकाहून अधिक काळ लोटला होता. या घटनेचे दोन अर्थ एकाच वेळी खरे आहेत. एक, ‘पूर्वजांच्या देशात’ विजय मिळणे हे लेखकांनी रचलेले, बाजारपेठेवर डोळा ठेवून केलेले कथानक होते. दुसरा अर्थ या रचितपणाने पुसला जात नाही : इतकी वर्षे दुसऱ्यांचे विजय विश्वसनीय करण्याचे काम ज्याने केले, त्याला व्यवसायाने दिलेली ती पावती होती. बनावट लढतीतील खरा प्रसंग म्हणतात तो हा. बार्थ यांच्या पद्धतीने त्या रात्रीचे वाचन केले तर पहिला अर्थ पूर्ण हाती येईल आणि दुसऱ्याचा मागमूस लागणार नाही. कारण तो त्या रात्रीत नव्हता, मागच्या पराभवांच्या साखळीत होता. पुढे हा मल्ल पडद्यामागे गेला व इतरांच्या लढतींची आखणी करू लागला. तालमीच्या भाषेत, वस्ताद झाला.

या व्यवसायातील मंडळी स्वतःला ‘वर्कर’ म्हणवतात, म्हणजे कामगार. ॲलेक्स वोलोक यांनी ‘द वन व्हर्सेस द मेनी’ (२००३) या ग्रंथात कादंबरीतील गौण पात्रांची मीमांसा करताना दोन टोके कल्पिली आहेत : कथानकाच्या यंत्रात निमूटपणे काम करून नाहीसे होणारे ‘कामगार’ पात्र, आणि यंत्रात अडकून विचित्र आवाज करणारे ‘विक्षिप्त’ पात्र. नायकाच्या वाट्याला जे अंतरंग येते ते इतरांच्या वाट्याची जागा कमी करूनच येते, हा त्यांचा मुद्दा. शब्दांचा हा योगायोग मानला तरी बोधक आहे. गुरूच्या वेषातील सोंजय दत्त हे विक्षिप्त पात्र. तोच मल्ल दुसऱ्या रात्री चड्डी-बूट घालून नवोदिताकडून हरतो तेव्हा तो कामगार. एका माणसाच्या कारकिर्दीत दोन्ही टोके येतात, हे कादंबरीच्या अभ्यासातून निघालेल्या सिद्धान्ताला सुचत नाही.

तांबड्या मातीत मात्र सारेच नैतिक गणित उलटे होते. तेथे ठरवून हरणे हे महापातक आहे. हलगीच्या कडकडाटात हजारो डोळ्यांसमोर जी कुस्ती लुटुपुटूची निघते तिच्या मल्लांना प्रेक्षक हुसकावून लावतात. आयोजकांची अब्रू जाते. जे काम अमेरिकी रिंगणात कसब म्हणून गणले जाते तेच येथे विक्रय ठरते. परिणाम असा की मातीतील अंतरज्येष्ठिकाचा प्रत्येक पराभव दुहेरी ओझ्याचा असतो. तो हरलेला असतोच, शिवाय प्रामाणिकपणे हरला हे त्याला सिद्ध करावे लागते. आत्मकथनाचा मार्ग येथेच बंद होतो. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०) यांसारख्या आत्मकथनांनी विजयाचे शिखर नसलेले आयुष्य मराठीत सांगता येते हे दाखवून दिले. अवमान हा त्या कथनाचा कणा होता आणि तो सांगण्यात सांगणाऱ्याची प्रतिष्ठा वाढत होती, कारण अपराध समाजाचा होता. मल्लाला हा आकार उसना घेता येत नाही. पराभव त्याच्या देहाचा असतो. तो सांगू लागला की पुढच्या हंगामातील त्याची बोली उतरते, आणि कुस्ती सोडल्यावर सांगू लागला तर तालमीचे नाव जाते. या मौनाला नम्रता समजण्याचे कारण नाही.

ललित वाङ्मय व चित्रपट यांनी ही कोंडी फोडली असे म्हणावे तर तेथेही एक चमत्कारिक नियम दिसतो : अंतरज्येष्ठिक हाती लागताच आख्यान त्याला दुसरे काहीतरी बनवते. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ (१९८०) मधील गुणा हा रांगड्या देहाचा शेतमजूर. तमाशाच्या वेडापायी त्याला नाच्याचे सोंग घ्यावे लागते. २०१० साली प्रदर्शित झालेल्या रवी जाधव यांच्या चित्रपटात तर अतुल कुलकर्णी यांच्या देहाचे पैलवानी वजन डोळ्यांदेखत उतरते. ही शोकांतिका परिणामकारक आहे यात वाद नाही. परंतु तिचा परिणाम या गृहीतावर उभा आहे की पुरुषी देह हे काहीतरी संपूर्ण होते आणि ते हरवले. पैलवानी देह तसाच राहून, कुठेही न पोचता, वीस वर्षे राबला असता तर कादंबरी झाली असती काय? कबीर खान यांच्या ‘चंदू चॅम्पियन’ (२०२४) या मुरलीकांत पेटकरांच्या जीवनावर आधारलेल्या चित्रपटात हा नियम आणखी उघडा पडतो. सांगली भागातील आखाड्यात या पोराला हरण्यासाठीच उभे केले जाते. तो अवचित जिंकतो आणि त्याला गाव सोडून पळावे लागते. हरण्यासाठी नेमलेला मल्ल जिंकला तर व्यवस्था मोडते, हे मर्म चित्रपटाने बरोबर पकडले आहे. पण पकडल्याबरोबर सोडूनही दिले, कारण नायकाला सैन्यात, मुष्टियुद्धात आणि शेवटी १९७२ च्या हायडेलबर्ग येथील स्पर्धेतील जलतरणाच्या सुवर्णपदकापर्यंत जायचे आहे. पराभवासाठी नेमलेला जो दुसरा पोरगा ठरल्याप्रमाणे हरला व गावातच राहिला, त्याच्याकडे कॅमेरा वळत नाही. डॅरन ॲरोनॉफ्स्की यांचा ‘द रेसलर’ (२००८) यांत सर्वांत प्रामाणिक. सुपरमार्केटच्या काउंटरवर मांस तोलणारा, लढतीआधी प्रतिस्पर्ध्याबरोबर शांतपणे डावांची जुळणी करणारा तो वृद्ध मल्ल व्यवसायाच्या आतून पाहिलेला आहे. तोही मात्र एकेकाळचा तारा. पडझड दाखवायची तर आधी उंची असावी लागते, हे सूत्र तेथेही सुटलेले नाही.

बाख्तिन यांच्या कालावकाशाच्या विवेचनातून या अडचणीचा उलगडा काही प्रमाणात होतो. प्राचीन ग्रीक अद्भुतकथेतील साहसकाळाविषयी ते म्हणतात की त्यात घटना कितीही घडल्या तरी पात्रावर खूण उमटत नाही. प्रसंगांची अदलाबदल केली तरी चालते. अंतरज्येष्ठिकाच्या कारकिर्दीचा एक पदर नेमका असा आहे. जत्रा तिथीने येतात. सुगीनंतर हंगाम सुरू होतो, पावसाळा लागला की संपतो. गेल्या वर्षीचे मैदान यंदा पुन्हा त्याच गावात, त्याच देवापुढे भरते. गेल्या वर्षी हरलेला मल्ल यंदा हरला काय किंवा बरोबरीत सुटला काय, आख्यान पुढे सरकत नाही. दुसरा पदर देहाचा. मोडून गाठ झालेले कान, न वळणारा गुडघा, जाड झालेली मान यांचा काळ चक्राकार नाही. तो एकाच दिशेने जातो. चक्राकार काळात फिरणारा आणि एकरेषीय काळात झिजणारा देह, अशी ही रचना आहे. चरित्र हा वाङ्मयप्रकार यांतील दुसऱ्या काळावर बेतलेला असून त्याला प्रगती लागते. लोककथा पहिल्यावर बेतलेली असून तिला झीज चालत नाही. दोन्ही एकत्र धरणारा प्रकार आपल्याकडे अद्याप घडलेला नाही. खशाबा जाधवांचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. १९५२ च्या हेलसिंकी येथील कांस्यपदकापर्यंत त्यांचे चरित्र चढत जाते व नेमाने लिहिले जाते. १९५५ पासून पोलीस खात्यात उपनिरीक्षकाच्या पदावर काढलेली लांबच लांब वर्षे, १९८४ साली अपघाती मृत्यू, मरणोत्तर अर्जुन पुरस्कार, हे सारे दोन परिच्छेदांत उरकते. ऑलिंपिक पदकविजेत्याच्या आयुष्याचाही मोठा भाग अंतरज्येष्ठिकाचा असतो, आणि चरित्रकाराचे पाय नेमके तेथेच अडखळतात.

खडकीचा उल्लेख वर भिंतीच्या निमित्ताने आला. तो आणखी एका कारणासाठी उपयोगी आहे. १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना, बॉम्बे सॅपर्सचे केंद्र, लष्करी छावणी आणि तिच्याभोवती वाढलेला बाजार असे हे उपनगर आहे. येथे देह भोंग्याच्या आणि कवायतीच्या वेळापत्रकाने बांधलेला असतो. मराठी मल्लाची कारकीर्द संस्थानी आश्रय संपल्यानंतर अशाच ठिकाणांच्या आधाराने चालली : सेनादल, पोलीस, रेल्वे, कारखाने. शाहू महाराजांच्या काळात खासबागेचे मैदान १९१२ साली उभे राहिले तेव्हा मल्ल दरबाराच्या खुराकावर जगत होता. स्वातंत्र्योत्तर काळात त्याला हजेरीपटावर जागा मिळाली. जर्नीमनचा रोज येथे पगाराच्या रूपाने परत येतो. मातीतला मल्ल हौशी की व्यावसायिक, हा क्रीडासंघटनांना छळणारा प्रश्न त्याच्या बाबतीत मुळी लागूच पडत नाही. आठवडाभर एका मालकाचा आणि जत्रेच्या दिवशी दुसऱ्या मालकाचा, असे ते जगणे आहे. साहित्यसमीक्षेने ग्रामीण आणि नागर असे जे दोन कप्पे केले त्यांपैकी एकातही ते बसत नाही. ग्रामीण साहित्याला पैलवान हवा तो गावच्या मातीतला. नागर साहित्याला तो हवाच नसतो. लंगोटाचे गाठोडे सायकलला बांधून पाळी संपल्यावर तालमीकडे वळणारा माणूस दोघांच्याही हद्दीबाहेर राहतो.

वाङ्मयेतिहासकारांनी या ठिकाणी मल्लांच्या चरित्रकारांना हसू नये. कालखंडागणिक चार केसरी निवडून उरलेल्यांची नावे ‘यांचाही उल्लेख करावा लागेल’ या वाक्यात कोंबण्याची रीत त्यांच्याकडेही आहेच, आणि ते वाक्य पत्रकाच्या तळाच्या ओळीहून फारसे निराळे नाही.

मौखिक परंपरेत एक जागा मात्र अशी आहे जेथे अंतरज्येष्ठिकाचे चरित्र सांगितले जाते. कुस्ती मैदानाचा निवेदक जोड आखाड्यात उतरताना दोघांचीही ओळख करून देतो : गाव, तालीम, वस्ताद, वडिलांचे किंवा आजोबांचे नाव ते मल्ल असतील तर, आणि पूर्वी कोणाशी कशी कुस्ती झाली. हे निवेदन विजयापूर्वीचे आहे. निकाल लागलेला नसल्याने कर्ता आणि कर्म अजून ठरलेले नसतात. दोघेही प्रथमेत असतात. एखाद्या मातब्बर मल्लाला अमक्या मैदानात याने अर्धा तास अडवून धरले होते, बरोबरीत सोडवावी लागली, हे जे गुणवर्णन निवेदकाच्या तोंडी येते ते कोणत्याही लेखी चरित्रात येणार नाही, कारण बरोबरीची नोंद विजयाच्या यादीत जात नाही. अडवून धरणे, वेळ खाणे, खालून निसटणे, पाठ लागू न देणे, ही या वर्गाची खरी विद्या, आणि तिचे रसिकही मैदानात असतात. तिचे सौंदर्यशास्त्र मांडायचे तर सुरुवात या निवेदनाच्या ध्वनिमुद्रणांपासून करावी लागेल. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत हरणाऱ्यास ‘उपमहाराष्ट्र केसरी’ म्हणण्याचा प्रघात पडला, तो याच दिशेने टाकलेले अर्धे पाऊल होय. पण त्यात पराभूताला विजेत्याच्याच नावाचा तुकडा उपसर्ग लावून दिला जातो, त्याची स्वतःची संज्ञा मिळत नाही.

तालमींच्या भिंतींवर ज्या तसबिरी असतात त्यांत मारुतीच्या शेजारी मूळ वस्ताद, मग गदा खांद्यावर घेतलेले विजेते. त्याखाली कोठेतरी समूहछायाचित्रे असतात. खुर्च्यांवर बसलेल्यांची नावे खाली छापलेली असतात. मागे हातांची घडी घालून उभ्या असलेल्या दोन रांगांची बहुधा नसतात. त्या रांगांतील चेहरे ओळखणारी माणसे तालमीत अजून येतात, सकाळी मातीला तेल-ताक घालण्याच्या वेळी. त्यांना विचारून ती नावे लिहून घेणे हे काम समीक्षेचे नव्हे असे कोणी म्हणेल. ते कोणाचे, हे मात्र सांगितले जात नाही.